भर दुपारच्या सावल्या

४ एप्रिल
आले बाई एकदाची सोलापुरात! वैरागहून एसटीत उभ्यानं आले, पाय सुजलेत, पण तोंडावरचं हसू काही जात नाही. जुळे सोलापूर भागात खोली मिळालीय. ऊन असं, की भिंतीवर भाकरी थापली तर भाजून निघेल. यूट्यूबवरच्या एका बातम्यांच्या चॅनलनं मला बातमीदार म्हणून घेतलंय. बाबा म्हणाले, यूट्यूबवर कुणी नोकरी करतं का? करतं की! पहिलंच काम भन्नाट आहे. शहरात उडत्या तबकड्यांचा शोध घेणारं एक मंडळ आहे, त्यांच्यावर गमतीदार बातमी करायची.

७ एप्रिल
मंडळाच्या बैठकीला गेले ती हसायच्या तयारीनंच. प्रमुख शरणप्पा सर, अक्कलकोटचे, भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ते ओळखलं. म्हणाले, आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गोष्टी आम्हीच खोट्या म्हणून फेकतो. विमान, फुगा, लग्नातला लेझर. म्हणून तर आमचं कुणीतरी ऐकतं.

मग तानाबाई आली. सांगोल्याकडची मेंढपाळ बाई. नवरा धुळा भर दुपारी माळावरून नाहीसा झाला, मेंढरं तिथंच, मोबाईल तिथंच. पोलीस ठाण्यात म्हणे तक्रारच घेईनात, गेला असेल कुणाचा तरी हात धरून म्हणाले. तानाबाईचं म्हणणं एकच, की माझा माणूस मला टाकून जाईल येकवेळ, मेंढरं टाकून जायाचा न्हाय.

त्या मोबाईलमध्ये धुळानं काढलेला व्हिडिओ आहे. मेंढरं जागच्या जागी उभी आहेत, दगडासारखी. आणि त्यांच्या सावल्या चालतायत. सगळ्या एका दिशेनं. मागून धुळाचा आवाज येतो, आरं, ही कुटं निघाली? माझं हसू तिथंच संपलं. मी तानाबाईला शब्द दिला, तुझी तक्रार लिहून घ्यायला लावते, नवऱ्याचा शोध घ्यायला लावते.

१५ एप्रिल
आज मंडळात रावजी म्हणून एक साहेब आले. दिल्लीच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त, खात्याचं नाव सांगत नाहीत. कडक इस्त्री, गोड बोलणं. त्यांनी आणलेला गुप्त अहवाल १९९६चा. सांगोला, मंगळवेढा तालुक्यांत आणि धाराशिव जिल्ह्यात अशाच सावल्या दिसल्याची नोंद, माणसं बेपत्ता झाल्याची नोंद, शिक्का, सही, सगळं! सरांनी अहवाल दोनदा वाचला. म्हणाले, जन्माचं सार्थक झालं. मी अहवाल आणि सरांनी तपासून दिलेला धुळाचा व्हिडिओ जोडून बातमी केली. रात्रीतून गाजली. ठाण्यातून तानाबाईला स्वतःहून फोन आला, तक्रार द्यायला या. ती फोनवर नुसती रडत होती. मीही रडले.

१८ एप्रिल
वाटोळं झालं. बातमीखाली कुणीतरी एक ओळ लिहिली: १९९६च्या सरकारी कागदात धाराशिव जिल्हा कुठून आला? तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं, नाव बदललं आत्ता २०२३ला.

अगं आई गं! आमच्या घरात सगळे बोलताना धाराशिवच म्हणत आलेत. मला खटकलं नाही, सरांना खटकलं नाही, मंडळात एकालाही नाही. संध्याकाळपर्यंत अख्खा जिल्हा खदाखदा हसत होता. कागद खोटा, म्हणजे व्हिडिओही खोटा. ठाण्यातून तानाबाईला हाकलून दिलं. पुन्हा आलीस तर तुझ्यावरच केस टाकू म्हणाले. ती माझ्या दारात येऊन बसली. मला शिव्या तरी द्यायच्या होत्या तिनं. नाही दिल्या.

२१ एप्रिल
रावजीला फोन लावला, चांगला फैलावर घ्यायला. तो शांतपणे विचारतो, चूक सापडायला तीन दिवस लागले का? आम्हाला वाटलं होतं एक दिवस पुरेल.

म्हणजे तो शब्द मुद्दाम घातला होता. सापडावा म्हणूनच. मी विचारलं, मग सावल्यांचं खरं आहे ना? धुळा कुठं आहे? तो म्हणाला, आता हे कोण विचारणार आहे तुम्हाला? फोन ठेवला. नंतर नंबर लागतच नाही.

२४ एप्रिल
नोकरी गेली. मंडळ बंद. सरांनी जाहीर माफी मागितली, व्हिडिओही बनावट असावा असं लिहून टाकलं. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. व्हिडिओ तुम्हीच तपासला होता ना, सर? म्हणाले, आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तरी मी मानणार नाही, पोरी. मला भीती वाटते गं. कुणाची ते कळत नाही.

२७ एप्रिल
माळावर आहे. तानाबाईचा फोन आला, मेंढरं पुन्हा तशीच उभी राह्यलीत, ताई, लगीच या. बांधावर बसून लिहितेय. मोबाईल बाभळीच्या बेचक्यात लावलाय, लाइव्ह चालू आहे. या वेळी कागद नाही, शिक्का नाही, सगळं समोर. बघू कोण हसतं.

ऊन डोक्यावर. मेंढरं थांबलीत. एकही हलत नाही.
सावल्या निघाल्या—

हजारो लोक बघतायत. नुसते हसरे चेहरे येतायत. ग्राफिक्स छान आहे म्हणे. अरे बाबांनो, कुणीतरी या ना—

पोलिसांचा ११२ लावला. नाव सांगितलं. पलीकडून हसले. ठेवून दिला.

धुळाचा आवाज येतोय. खालून, जमिनीतून. तानाबाई ओ देतेय. तिची सावली गेली. ती तिच्या मागून— धरलं होतं मी, घट्ट धरलं होतं, लुगड्याचा पदर हातात—

नाही. माळावर कुणी नाही.

लाइव्हवर शरणप्पा सर. लिहितायत, हे खोटं आहे, विश्वास ठेवू नका.
सर, बघा तरी—

आईचा मेसेज. आई बघतेय. आई तरी—
लिहिलंय, उत्कर्षा पुरे कर आता, लोक हसतायत, घरी ये.

आई येते गं, पण माझ्या पायाखालची सावली—