शकूतायचं हिरवं पान

कोरगाव, रविवार

प्रिय शकूताय,

मुंबईच्या नाटकवाल्यांनी माझ्याकडे शिवायला दिलेल्या राजाच्या अंगरख्यासाठी जुन्या काळचा रेशमी किनखाब मागितला होता. मी बाबांच्या पेटीतला तो जुना किनखाबाचा तुकडाच नमुना म्हणून बनारसच्या विणकराकडे पाठवला. काल ठाण आलं. उलगडलं आणि मला हसूच फुटलं. जरीच्या प्रत्येक वेलाला एक हिरवं, वाकडं पान! तुझं रफू गो! त्या बापड्याने ते नक्षीच समजून सगळं ठाण विणलं.

आठवतं ना? लहानपणी काजूचे बोंडू गोळा करताना मला राजा व्हायचं होतं. तुकडा खांद्यावर घेऊन पळाले आणि काजीच्या फांदीत अडकवून फाडला. घरात होता तो हिरवा दोरा घेऊन तू बसलीस. बाबांनी विचारलं तेव्हा "माझ्या हातून फाटला" म्हणालीस. आठ दिवस ते तुझ्याशी बोलले नाहीत, आणि मी खाली मान घालून पेज जेवत राहिले.

आज नाटकवाली बाई आली. मी रफूचं खरं सांगितलं. वाटलं, आता ठाण परत करील. तिने पानावरून बोट फिरवलं. "राजाच्या छातीवर हेच येऊ दे. कुणी केलंय?"

"माझ्या बहिणीने," मी म्हटलं. "फाडलं मी."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं बघ.

हे पत्र मी टाकणार नाही, वाचून उगीच रडशील. उरलेल्या कापडाची तुझ्यासाठी चोळी शिवतेय. पान पुढेच घेतलंय, दिसेल असं.

तुझी,
राजा