रूपालीचा लूप अन् थोरल्याची गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

आधी आली ती सोनिया! थोरल्या रामकिसनची पोरगी, मुकुंदवाडीहून. मला खरंच वाटंना. धाकट्याच्या पोराच्या, आकाशच्या, लग्नपत्रिकेत थोरल्याचं नाव मामाच्या खाली छापलं, तवापासून त्या घरचं कुणी इकडं फिरकलं नाय. थोरला म्हणतो, धाकट्यानं मुद्दाम केलं. धाकटा गोकुळ म्हणतो, छापणाऱ्याची चूक. सख्खे भाऊ हायत, अन् मी दोघांची आई!

सोनिया आली ती गोकुळच्या रूपालीसाठी. हिची कॉलेजात 'जावा'ची परीक्षा हाय, म्हंजी कंप्युटरला हुकूम लिवायची. लॅपटॉपवर काय लिवलं तर सगळं लाल! सोनिया म्हणाली, "अगं येडे, फॉर लूपच्या कंसात स्वल्पविराम नसतो, अर्धविराम लागतो." दोन जागी बदललं, चाललं. लगेच उठली. "आजी, पप्पा बाहेर थांबलेत."

बाहेर! मी पळत फाटकाशी. थोरला गाडीवरच. "जयभीम आई." हेल्मेटसुदीक काढलं नाय. गेला.

एवढ्या लवकर कशाला दुरुस्त केलं गं बाई!

५ नोव्हेंबर, बुधवार

लूप म्हंजी काय ते मी रूपालीला इचारून घेतलं. तेच काम परत परत. आपण त्रिसरण तीनदा म्हणतो, तसं. पण किती वेळा ते आधी सांगायचं, अन् काम महिरपी कंसात कोंडायचं. कंस उघडला की बंद करायचा. घरासारखंच हाय.

रूपाली नळावर गेली. मी शेवटचा कंस खोडला!

पंचशील रोज म्हणते मी. खोटं बोलणार नाय, असं हाय त्यात. खोडणार नाय, असं कुठं हाय?

६ नोव्हेंबर, गुरुवार

सोनिया आली!! कंस हुडकायला तिला जरा येळ लागला. तवर थोरला फाटकातून ओट्यावर. हेल्मेट काढलं. केस किती पिकले लेकराचे! पाणी पिला. आत ये म्हणलं, तर म्हणतो, "बरा हाय इथंच."

म्हंजी अजून एक चूक पाहिजे.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज हाव सुटली. बोट दाबून धरलं लॅपटॉपच्या कळीवर — आरारारा! पानभर लाल. रूपाली रडायलाच लागली. "आजी, मी नापास व्हणार आता!" सांगू का नको, सांगू का नको... नाय सांगितलं.

सोनिया बसली, बसली, उठंना. शेवटी थोरला ओट्यावरून वैतागला, "काय चाललंय एवढा येळ?" अन् आत आला! चपला काढून आत! समोर गोकुळ बनियनवर. दोघंबी खांबावानी उभे. सुनेच्या हातात चहा, ती मधीच अडकली.

थोरल्यानं लाल रेघा बघितल्या. "एवढ्या चुका कुणी केल्या?"

गोकुळ म्हणाला, "छापणाऱ्यानं."

आधी सोनिया फिसकन हसली. मग थोरला — मिशीतच, पण हसला! चहा अर्धाच घेतला. बोलला मात्र नाय गोकुळशी. हसणं म्हंजी बोलणं नव्हं.

९ नोव्हेंबर, रविवार

लॅपटॉपला हात लावला नाय. पोरीची परीक्षा हाय. हातावर बसून राहिले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रूपाली पास! मॅडमनी मुद्दाम बिघडलेला लूप दिला व्हता. सोनियाजवळ बसून बसून ही शिकली व्हती; कंस काय, अर्धविराम काय, भराभरा लावले. मॅडम म्हणल्या, "चुका काढायचा एवढा सराव कुठं केला?" घरी येऊन हिनं मला गच्च मिठी मारली. मी तोंडात साखर घातली तिच्या.

पण आता सोनिया कशाला येईल? अन् थोरला? अर्धा कप राहिला तो राहिलाच. आनंदाचा दिस, अन् मी ओट्यावर जाऊन रडले. रूपालीनं बघितलं वाटतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज रूपालीनं सोनियाला फोन लावला. "ताई, परत लाल झालंय गं. शेवटचा कंसच दिसंना."

मी तर हातबी लावला नव्हता! रूपालीकडं बघितलं, तर ही भिताडाकडं बघती. फोन गोकुळनं मागून घेतला, म्हणला, "दादाला दे."

थोरला म्हणला, रविवारी येतो. समदे. जेवायलाच.