थरांतला खडा

३ मार्च
आज करवतीखाली आलेल्या दगडाने वेड लावलं! जमिनीत भोक पाडून काढलेला, दिसायला अगदी बावळट, करडा. कापला, पाणी मारलं आणि बघतच राहिले. थर, थर, नुसते थर! कागदाइतके पातळ. एक फिका, एक गडद, पुन्हा फिका. जुन्या तळ्याचा तळ हा. पुराबरोबर आलेली बारीक रेती फिकी, पाणी निवळल्यावर बसलेला गाळ गडद. काय निगुतीने अंथरलंय! मला साधी चादर सरळ घालता येत नाही.

मधेच वाटाण्याएवढा खडा आहे. पातं तिथेच अडलं मेलं.

साहेबांना विचारून एक तुकडा घरी आणला, बाबांना दाखवायला.

४ मार्च
लग्न होऊन आले तेव्हा दगड म्हणजे दगड, एवढीच माझी अक्कल. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, भिंग हातात देऊन बघायला शिकवलं, मग त्यांच्याच प्रयोगशाळेत चिकटले. ‘आधी बाण, मग चहा’ — बाबांचा नियम. दगड जमिनीतून निघाला की वरची बाजू कुठली ते बाणाने लिहायचं, मग बाकी सगळं. अजून पाळते, ह्या दगडावरही आधी बाण काढला.

झटका आल्यापासून बाबांचं बोलणं गेलंय. डॉक्टर म्हणतात, समजही फारशी उरली नसावी. ह्यांनी एका शुश्रूषागृहात चौकशी करून ठेवली आहे. सोमवारी होकार कळवायचा. मला बाबा घरीच हवेत, पण सांगू कशाच्या जोरावर?

दगड हातात दिला. डोळे लुकलुकले! बोट फिरवलं, आणि दगड उलटा करून टेबलावर ठेवला. बाण जमिनीकडे. मी सरळ केला, त्यांनी पुन्हा उलटा.

५ मार्च
आजही उलटा.

७ मार्च
आज ह्यांनीही पाहिलं. म्हणाले, “बघ ना, बाण काढायला ज्यांनी शिकवलं त्यांनाच आता वर-खाली कळत नाही.” चिडून नाही, थकून बोलले. त्यांचेच वडील ना. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

८ मार्च
बाबांनी माझं बोट धरून खड्यावर दाबलं. चांगलं जोरात. मग खड्याच्या वर, मग खाली. “हो बाबा, खडा आहे,” म्हटलं आणि धुणं वाळत घालायला पळाले. त्यांनी तोंड फिरवलं. रुसले की काय!

९ मार्च, सोमवार
ते बोट डोक्यातून जाईना. सकाळी दगड पुन्हा प्रयोगशाळेत नेला, भिंग लावलं.

मऊ गाळात खडा पडला की खालचे थर दबतात. नंतरचे थर त्याच्यावरून पांघरुणासारखे जातात. इथे बाण वर धरला तर दबलेले थर खड्याच्या वर आणि पांघरूण खाली! खडा काय आभाळाकडे पडला?

तिथूनच ह्यांना फोन केला. होकार कळवू नका म्हटलं, बाबा कुठेही जाणार नाहीत.

बाण मीच उलटा काढला होता. बाबा इतके दिवस तेच सांगत होते.