साहेबांच्या अंगणात वळवलेली वाहतूक

तीर्थरूप मामांस,

वर्दी ओली असल्यामुळे साष्टांग घालता येत नाही, तेव्हा हा सॅल्यूटवजा नमस्कार गोड मानून घ्या. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी बऱ्या आहेत ना? माझी प्रकृती उत्तम. फक्त आवाज बसलाय, आणि शिट्टीत पाणी गेल्यामुळे तीही घोगरी झालीय.

(रस्त्यावर मला जो तो ‘मामा’ म्हणतो, पण मन मोकळं करायला खराच मामा लागतो.) परवा सकाळी वादळी पावसात सिग्नल बंद पडले आणि मोठ्या रस्त्यावर झाड आडवं झालं. चौकात हवालदार मी एकटा, छत्री उलटी, समोर हॉर्नचा गदारोळ. म्हटलं, आज डोकं चालवायचं. (हे मी पूर्वीही एक-दोनदा केलंय, तुम्हाला ठाऊकच आहे.) डावीकडे एक रुंद गल्ली होती. ती पलीकडे कुठेतरी निघत असणारच, अशा विश्वासाने मी सगळी वाहतूक तिच्यात वळवली, आणि तीही अशा ऐटीत की कुणाला शंकाच आली नाही. वीस मिनिटांत चौक मोकळा! माझा मलाच अभिमान वाटला.

तेवढ्यात एक रिक्षावाला पायी परत आला. म्हणाला, “मामा, गल्ली संपली.”

“संपली म्हणजे?”

“पुढे बंगला आहे. फाटक उघडं होतं, म्हणून बस आत गेली.”

धावत गेलो, तर बंगला आमच्या मोठ्या साहेबांचा! अंगणात बस, तिच्यामागे दुधाचा टेम्पो, मागे गल्लीभर गाड्या, आणि या सगळ्यांच्या पुढे कोंडलेली साहेबांची जीप. साहेब वाहतूक सुरळीत करायला निघाले होते. नोकरी गेली, असंच धरून चाललो. पण बाईसाहेब रेनकोट चढवून बाहेर आल्या, माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि म्हणाल्या, “तुम्ही दोघं आधी पायरीवर बसा.” मग शेवटच्या गाडीपासून एकेक मागे घेत त्यांनी तासाभरात गल्ली रिकामी केली. (साहेबांनी एकदाच मध्ये तोंड घातलं, तर त्यांच्यावरही शिट्टी वाजली.) एकाही वाहनाला ओरखडा नाही, हे मी अहवालात ठळक लिहिलंय. नोकरी शाबूत आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. : वाहनांबद्दल लिहिलं ते अक्षरशः खरं. बाईसाहेबांच्या गुलाबाच्या कुंड्या ही वाहनं नव्हेत. बस शिरण्यापूर्वी तेरा होत्या, आता एक आहे. तुमच्या रोपवाटिकेतले बारा गुलाब, चांगले कळ्या आलेले, रविवारपर्यंत पोचायला हवेत. तुम्ही आनंदाने देताय, असं मी त्यांना कालच सांगून टाकलंय.

आणखी एक : टेम्पो घेऊन तुम्ही स्वतःच या. फक्त पाऊस असेल तर चौकातून येऊ नका. तिथे मी असेन.