पाळणाघराच्या फीचा कायदा

सोमवार, २ जानेवारी १९८४. सकाळी साडेसहा

आजपासून रोज लिहिणार. इतिहासासाठी नव्हे, स्वतःपुरतं. इतिहास आपलं आपण बघून घेईल.

पिन्हास झिराडकर, वय छप्पन्न, राहणार किर्यात मलाखी, कापड गिरणीच्या कामगार कमिटीचा सेक्रेटरी, आज क्नेसेतचा मेंबर होतोय. म्हणजे पार्लमेंटचा! पक्षाच्या यादीत माझा नंबर बराच खाली होता, हे खरं. वरच्यांपैकी एकानं राजीनामा दिला, दोघे वारले, एक अमेरिकेला मुलाकडे गेले ते परत आलेच नाहीत. पण नंबर तो नंबर.

बायकोनं, मल्कानं, कोट इस्त्री करून दिला. म्हणाली, चारपर्यंत याल का, मिलीला पाळणाघरातून आणायचंय. मी म्हटलं, अगं, आज माझा शपथविधी आहे. ती म्हणाली, म्हणजे पाच वाजतील का?

रात्रीचं जेवण झाल्यावर

शपथ घेतली. जरा मोठ्यानेच. दारावरच्या शिपायानं मला दोनदा थांबवून विचारलं, कुणाला भेटायचंय. कडक बंदोबस्त आहे. देश सुरक्षित हातांत आहे.

बुधवार, ४ जानेवारी

त्सिपोरा येऊन गेली. आमची एकुलती एक. कोटांच्या वर्कशॉपमध्ये शिवणकाम करते. नवरा अमोस वेल्डर, पण कारखाना सध्या आठवड्यातून चारच दिवस चालतो. मिली त्यांची, तीन वर्षांची. पाळणाघराची फी परत वाढली म्हणे. त्सिपोराचा पगार पाळणाघर आणि बसभाडं यांतच जातो. दुकानदारसुद्धा आता किमती पेन्सिलीनं लिहितो, रोज खोडायला बरं.

ती म्हणाली, अब्बा, तुम्ही जेरुसलेमला सोमवार, मंगळवार, बुधवार जाणार ना? मग रविवार आणि गुरुवार मिलीला सांभाळाल? पाळणाघरात कमी फीत तीनच दिवस ठेवायची सोय आहे. मला तेवढाच श्वास घेता येईल. (इकडे सुट्टी शनिवारी, रविवार कामाचा.)

काय हा योगायोग! तिची ही अडचण, आणि मी नेमका मेंबर! मी तिला समजावलं की एका मिलीला सांभाळून देशाचा प्रश्न सुटत नाही. देशात हजारो मिली आहेत. मी कायदाच आणतो: नोकरी करणाऱ्या आईच्या पगाराचा दहावा हिस्सा, त्याहून जास्त फी कुणी घ्यायची नाही. कलम एक. कलम दोनची गरजच नाही. चार आठवड्यांत पास.

ती हिब्रूत म्हणाली, बेसेदेर, अब्बा. म्हणजे ठीक आहे. मराठीत सुरुवात करून हिब्रूत संपवायची तिची सवय. खूश होऊन गेली.

बुधवार, ११ जानेवारी

मसुदा तयार. आमच्या पक्षाच्या गटनेत्यांना लिफ्टमध्ये गाठलं. तीन मजल्यांत कलम एक वाचून दाखवलं. म्हणाले, फारच छान, आणि तुम्ही कुणाचे असिस्टंट? थट्टेखोर स्वभाव दिसतो. मोठी माणसं आपल्या माणसाशीच अशी थट्टा करतात.

गुरुवार, १९ जानेवारी

दर गुरुवारी आणि रविवारी आम्हा मराठी ज्यूंच्या समाजाच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसायचं ठरवलंय. लोकसंपर्क. आज पहिला दिवस. शमशोन आला. माझा गिरणीतला जुना दोस्त, हल्ली रिटायर. पेपर वाचून गेला. मग एक बाई आल्या. त्यांच्या न्हाणीघरातला पाइप गळतो. मी त्यांना कलम एक सांगायला घेतलं. ऐकता ऐकता उठून गेल्या. बहुधा शेजारणींना सांगायला.

मल्का हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला असते. आज रजा घेऊन घरी होती, मिलीला सर्दी झाली म्हणून. मला म्हणाली, तुमचं टेबल रिकामं असलं तर ते इथे उचलून आणा, पोरगी त्याच्याखाली खेळेल. बायकांना पब्लिक लाइफ कळत नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

विधेयक अजून यायचंय. प्रत्येक पक्षाला खाजगी विधेयकांचा ठरावीक वाटा असतो, आणि आमच्या वाट्यावर मोठी रांग आहे. माझ्या पुढे खेळण्यातल्या फटाक्यांचं आहे आणि टॅक्सीच्या रंगाचं आहे. गटनेते म्हणाले, झिराडकर, पुरीमच्या सणानंतर नक्की. नाव बरोबर घेतलं! म्हणजे, झिरकर म्हणाले. जवळजवळ बरोबर.

अमोसचा कारखाना आता तीन दिवसांवर आला. त्याचा भाऊ टोरांटोला असतो. तिकडून पत्रं येतायत. मी अमोसला सांगितलं की कॅनडात फार थंडी. तो म्हणाला, ऐकून आहे.

रविवार, १२ फेब्रुवारी. दुपार

मिलीला ताप. ताप आला की पाळणाघरवाले दारातूनच परत पाठवतात. सकाळी सहाला त्सिपोरा तिला कडेवर घेऊन आमच्या दारात. मल्काच्या रजा संपल्यात. अमोसची आज पाळी. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

नेमकं आजच दहा वाजता एका पेपरचा रिपोर्टर हॉलमध्ये भेटायला येणार होता, विधेयकासंबंधी. पहिलीच मुलाखत. मी त्सिपोराला म्हटलं, फक्त आजचा दिवस तू काढ. या एका दिवसानं तुझी पुढची दहा वर्षं सोपी होतील. तिनं मिलीची टोपी नीट केली आणि गेली.

रिपोर्टर आला नाही. बातम्या फार असतात त्यांना. मी एकपर्यंत वाट पाहिली. भाषणाचा शेवट मात्र सुरेख जमला.

सोमवार, १३ फेब्रुवारी

त्सिपोराची नोकरी गेली. महिन्यातला तिसरा खाडा होता म्हणे. मालकानं काल फोनवरच सांगितलं.

मला फार वाईट वाटलं. बसमध्ये दोन तास तेच डोक्यात होतं. लाट्रूनच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं की भाषणात नेमकी हीच गोष्ट कमी होती: जिवंत उदाहरण. लगेच लिहून काढलं. ‘एक तरुण आई. मूल तापानं फणफणलेलं. घरात सांभाळायला कुणी नाही.’ नाव घातलं नाही. फक्त ‘त्स., किर्यात मलाखी’.

‘घरात सांभाळायला कुणी नाही’ हे वाक्य परत परत वाचलं. मग ‘घरात’ खोडलं. ‘सांभाळायला कुणी नाही’ हे जास्त जोरदार वाटतं.

मंगळवार, ६ मार्च

तारीख मिळाली! बुधवार, २८ मार्च. सकाळी अकराला. टॅक्सीवाल्यांच्या मेंबरला परदेशी जायचंय, त्यांचा नंबर मला दिला. धावत जाऊन कॅफेटेरियात सगळ्यांना सांगितलं. काउंटरवरच्या बाईनं मनापासून अभिनंदन केलं.

घरी कुणाला सांगितलं नाही. पुरीमला सांगणार. सणाच्या दिवशी.

रविवार, १८ मार्च. पुरीम

सगळे आमच्याकडे. मल्कानं पुरणपोळ्या केल्या. पुरीमला मुलं सोंगं घेतात. मिली एअर होस्टेस होऊन आली. निळी टोपी, छातीवर पुठ्ठ्याचं विमान. मला म्हणाली, सबा, पट्टा बांधा. मी आजोबाच्या ऐटीत खुर्चीत बसलो आणि तिनं दुपट्ट्यानं मला बांधून टाकलं. मी म्हटलं, काय झकास कल्पना, कुणाची? अमोसनं पोळीकडे पाहिलं.

मग त्सिपोरानं सांगितलं. ते टोरांटोला चाललेत. अमोसच्या भावाच्या वर्कशॉपमध्ये काम आहे, त्याची बायको घरीच असते, मिलीला बघेल. एका वर्षापुरतं, मग पाहू. मल्काला माहीत होतं. तिचे डोळे सकाळपासून लाल होते. मी समजत होतो, चुलीचा धूर. आमच्याकडे गॅस आहे.

विमान २८ मार्चला. संध्याकाळी साडेचारला.

मी बांधलेल्या खुर्चीतूनच टाळी वाजवली. म्हटलं, अरे, २८ लाच माझं विधेयक आहे! सकाळी अकराला! बारापर्यंत पास. दुपारच्या रेडिओवर बातमी. तुम्ही सामान उचलायच्या आत तुम्हाला कळेल की आता जायची गरजच नाही. तिकिटं परत करता येतात का, एवढं विचारून ठेवा.

जाताना त्सिपोरा दारात थांबली. या वेळी अख्खं मराठीत बोलली. म्हणाली, अब्बा, कायदा राहू द्या. तुम्ही एअरपोर्टला या. दोन वाजता. नुसते या.

मी म्हटलं, वेडी कुठली, कुणी जाणारच नाहीये.

बुधवार, २८ मार्च. सकाळी सात, बसमध्ये

मल्कानं काल विचारलं, दोन वाजता याल ना? हिशेब केलाय. अकराला भाषण, बाराला मतदान, सव्वाबाराची बस. शमशोन आपल्या गाडीतून त्या सगळ्यांना नेणार आहे.

साडेअकरा

जरा उशीर. सध्या हाउसमध्ये एकच विषय: सरकार पडणार, इलेक्शन लवकर होणार. माझा नंबर आता एक वाजता.

एक वाजून दहा

आता अडीचला म्हणतात. विमान साडेचारला. टॅक्सी केली तर तीन वाजेपर्यंत एअरपोर्ट. जमेल. भाषण थोडं आखडतं घेईन.

दोन

गटनेत्यांनी कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं. खांद्यावर हात. म्हणाले, आज दुसऱ्या पक्षांशी इलेक्शनच्या तारखेची बोलणी चाललीत, अशा दिवशी खर्चाचं विधेयक मतदानाला नको. भाषण करा, जरूर करा, आणि शेवटी मागे घ्या. नव्या यादीच्या वेळी आम्ही हे विसरणार नाही.

मी विचारलं, मग बोलूच कशाला? आत्ता निघालो तर पोचतो.

ते म्हणाले, रेकॉर्डवर येईल ना.

रेकॉर्डवर. हो. ते खरंच आहे.

संध्याकाळी सहा, बसमध्ये

बोलायला मिळालं तेव्हा साडेतीन वाजले होते. सभागृहात सात जण. एक जण शब्दकोडं सोडवत होते. मी त्स.ची गोष्ट सांगितली. ‘सांभाळायला कुणी नाही’ या वाक्याशी माझा आवाज गेला. अध्यक्षांना वाटलं भाषण संपलं. त्यांनी थँक्यू म्हटलं. उपमंत्री म्हणाले, विषय महत्त्वाचा आहे, अभ्यास चालू आहे, माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं.

मी उभा राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी. म्हणालो, मागे घेतो. माइक बंद होता, म्हणून परत म्हणायला लावलं. दोनदा म्हणालो.

हा पराभव नाही. स्ट्रॅटेजी आहे.

खिडकीतून एक विमान दिसलं. त्यांचं नसावं, वेळ जुळत नाही. उशिरा सुटलं असेल तर जुळते.

शुक्रवार, ३० मार्च

परवा घरी गेलो तेव्हा मल्का कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली होती. मी विचारलं, काय म्हणाली त्सिपोरा? मल्का म्हणाली, काही नाही. पासपोर्टच्या रांगेत तिचा नंबर आला की ती मागच्यांना म्हणायची, तुम्ही पुढे जा. असे बरेच जण पुढे गेले. मग अमोसनं तिच्या हातातली बॅग घेतली.

मग मल्कानं विचारलं, किती मतं पडली? मी म्हटलं, मतदान झालं नाही. का? मागे घेतलं. कुणी? मी.

मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं उठून जेवण गरम केलं, ताट वाढलं, आणि स्वतः न जेवता झोपली.

काल गुरुवार. हॉलवर गेलो नाही. घरीच होतो, दिवसभर.

बुधवार, २ मे

नवी यादी लागली. माझा नंबर चौऱ्याऐंशी. आमच्याकडे फोन नाही, शमशोनच्या घरून गटनेत्यांना फोन केला. त्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, कोण झिराडकर? स्पेलिंग सांगितलं. म्हणाल्या, कळवते.

नावं शंभराच्या वर आहेत. म्हणजे खाली बरेच जण आहेत अजून.

उन्हाळ्यानंतर गिरणीत परत जायचं. कमिटीचं सेक्रेटरीपद दुसऱ्याला दिलंय. मला गोदाम देतील म्हणतात.

रविवार, १३ मे. संध्याकाळी सहा

त्सिपोराचं पत्र आलं होतं: रविवारी पाच वाजता शमशोनकाकांच्या घरी फोन करेन, तीनच मिनिटं बोलता येईल, आईला आणा. मल्का चार वाजल्यापासून शमशोनच्या बैठकीत जाऊन बसलेली. नवी साडी नेसून. मी म्हटलं, फोनवर दिसत नाही. ती म्हणाली, माहीत आहे.

पाच वाजून दोन मिनिटांनी बेल झाली. मी जवळ होतो म्हणून मीच उचलला. त्सिपोरा म्हणाली, अब्बा? मी म्हटलं, ऐक, आधी माझं ऐक. आणि सांगायला लागलो. टॅक्सीवाल्यांचा नंबर, एकचे अडीच कसे झाले, कॉरिडॉरमध्ये मला काय सांगितलं, उपमंत्री काय म्हणाले, मी निघालोच होतो, खरंच निघालो होतो, दारापर्यंत गेलो होतो. दारापर्यंत गेलो नव्हतो. पण सांगितलं. मल्का शेजारी हात पुढे करून उभी होती. मी तिला खुणेनं म्हटलं, एक मिनिट. पलीकडून मिलीचं काहीतरी ऐकू आलं. मी म्हटलं, थांब, हे महत्त्वाचं आहे. मग कट्ट झालं. मी हॅलो हॅलो करत राहिलो. मल्कानं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, कानाला लावला, बराच वेळ तसाच धरला, आणि जागेवर ठेवला.

परत येताना मल्कानं जिन्यात थांबून विचारलं, आवाज कसा होता तिचा? बरी वाटली का?

मला सांगता आलं नाही. मीच बोलत होतो.