बाबांची विसरभोळी पिकअप

फ्रेझ्नो, ता. ३ सप्टेंबर

प्रिय बार्केव्हदादा यास,
शूशानचा सा. न. वि. वि.

फोन करणार होते, पण आपला फोन स्वयंपाकघरात आणि बाबा दिवसभर तिथंच. तुझं नाव निघालं की अजून उठून मळ्यात जातात. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला तू द्राक्षमळा सांभाळणार नाही म्हणालास, त्याला सहा वर्षं झाली, पण राग तसाच. म्हणून पत्र.

तर पिकअप धुराच्या तपासणीत अडकली! आणि कशामुळे, ते ऐकून कपाळावर हात मारशील. महिनाभर गाडीत काट्यांशेजारी इंजिनाच्या बिघाडाचा पिवळा दिवा पेटलेला होता. गॅरेजवाल्या गोमेझनं सेन्सर बदलला, दिवा आपोआप जाईल म्हणाला. पण बाबांना धीर कुठला! चर्चच्या कॉफीवर हागोपकाकांनी अक्कल शिकवली, की बॅटरीची तार रात्रभर काढून ठेव, दिवा पार विझतो. विझला की! बाबा ऐटीत गाडी घेऊन गेले. गोमेझनं यंत्र जोडलं आणि हसावं की रडावं त्याला कळेना. तार काढल्यामुळे गाडीचा संगणक सगळं विसरून कोरा झाला होता, आणि कोऱ्या संगणकावर तपासणी होत नाही. आता मोठ्या रस्त्यावर लांबवर चालवा, म्हणजे त्याला हळूहळू आठवेल, असं सांगून त्यानं घरी पाठवलं.

महिनाअखेर नोंदणीची मुदत संपते. बाबांनी जाहीर केलंय, पास नाही झाली तर सरळ भंगारात देईन आणि पुन्हा चाकाला हात लावणार नाही. एकोणऐंशीव्या वर्षी गाडी गेली की माणूस खुर्चीला खिळला.

आज सकाळी एकटेच सेल्मापर्यंत जाऊन येतो म्हणून निघाले, ते आत्ता दिवेलागणीला उगवले! सेल्मा इथं हाकेवर. विचारलं तर रस्त्यात गर्दी होती म्हणे. काळजीनं अर्धी झाले रे मी.

माया आहेच तुझी, पत्रातही दिसू दे.
तुझी शूशान

---

बेकर्सफील्ड, ता. ५ सप्टेंबर

चि. शूशान हिस अनेक आशीर्वाद.

कसली सेल्मा घेऊन बसलीस! बाबा इथं आले होते, दोन तास गाडी हाकत, माझ्या दारात! दार उघडलं तर समोर बाबा. वाटलं, तुलाच काहीतरी झालं. सहा वर्षांत एक शब्द नाही, आणि आले ते काय म्हणत, तर इंजिन गार व्हायच्या आत परत निघायचंय, कॉफी लवकर टाक. वर मलाच ऐकवलं, की गाडीला लांब रस्ता हवा होता, तो तुझ्या दाराशी येऊन संपला, त्याला मी काय करू.

माझ्या लेकीला, आनूशला, त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. चार वर्षांची पोर, तिनं सरळ विचारलं, की तुम्ही कुणाचे आजोबा. बाबांनी खिशातल्या मनुका तिच्या ओंजळीत ओतल्या आणि तिच्याबरोबर त्या एकेक करून मोजल्या. माझ्या तेलविहिरीवरच्या नोकरीबद्दल अवाक्षर नाही. जाताना एवढंच म्हणाले, की माझ्या गाडीच्या टायरात हवा कमी आहे.

ते गेल्यावर मी रडलो, तुला म्हणून सांगतो. पण एकदा गाडी पास झाली की संपलं गं. बोलावलं म्हणून येणाऱ्यांतले ते नाहीत.

स्वतःला जप, आणि त्यांनाही.
तुझा दादा

---

फ्रेझ्नो, ता. १२ सप्टेंबर

प्रिय दादा, सा. न. वि. वि.

बसूनच वाच. काल गोमेझनं यंत्र लावून सांगितलं, की संगणकाला सगळं आठवलंय, आता रांग आहे, उद्या सकाळी या, पास झालीच समजा. आज सकाळी नेली तर पुन्हा कोरा! गोमेझ थक्क, मी थक्क. बाबा तेवढे शांत. घरी येऊन बघते तर त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला बॅटरीवरची पांढरी पूड! आपल्या हातानं तार काढली रे त्यांनी!

मी ओरडणारच होते, तेवढ्यात म्हणतात कसे, की आता पुन्हा लांब न्यावी लागणार, रविवारी निघतो, डोलमा जरा जास्त कर, छोटीला झेपेल इतपतच मिरी घाल. सेल्मात कोण बाई ही छोटी? मी उठून डोलम्याचा भात भरायला द्राक्षाची पानं भिजत घातली.

पण दादा, अशी सारखी तार निघाली तर मुदत टळेल, गाडी भंगारात जाईल. मग येतील कशानं? बोल तूच काहीतरी.

इकडची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.
शूशान

---

फ्रेझ्नो, ता. २४ सप्टेंबर

चि. बार्केव्ह यास आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात निघताना तू खिडकीशी येऊन म्हणालास, की बाबा, तारेला हात लावू नका, गाडीला सगळं आठवत असलं तरी या. मला भयंकर राग आला. शूशान फितूर आहे हे ठाऊक होतंच. रस्ताभर तुम्हा दोघांना शिव्या देत आलो. तार काढली नाही.

आज गाडी पास झाली. आता दोन वर्षं कुणी विचारणार नाही.

लोभ कमी झाला होता असं तुला वाटलं असेल, तर तू गाढव आहेस.
तुझे बाबा, ह्रांत

ता. क. रविवारी येतो. गाडीला काहीही झालेलं नाही.