खरवडलेली रेघ

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि या वर्षी मी पहिल्यांदा तुमच्यावर संशय घेतला. आईला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्ही मोजणी खात्यात उन्हातान्हात साखळी ओढत हिंडलात. मी तेच काम थंडगार खोलीत बसून करते. खात्याचे जुने कागदी नकाशे स्कॅन होऊन आमच्या कंपनीत येतात. आम्ही ते उपग्रहाच्या चित्रावर बसवतो, बांधाला बांध आणि विहिरीला विहीर जुळवतो, आणि मग ते सगळं ऑनलाइन जातं. आता कुणीही जागेवर उभं राहून फोन उघडतो. त्याचा निळा ठिपका तलावाच्या हद्दीत पडला तर जागा लाल दिसते, बाहेर पडला तर हिरवी. लोक वकिलाच्या आधी ठिपक्याला विचारतात. माझा त्यावर कधीच फारसा विश्वास बसला नाही. ठिपका बहुतेक वेळा बरोबर असतो, पण त्याच्याखालची रेघ कुणी ओढली हे कुणी विचारत नाही.

शहराच्या कडेला एक तलाव आहे, त्याची हद्द माझ्याकडे तपासायला आली. काठोकाठ भरल्यावर पाणी जिथं पोचतं, ती हद्द. रेघ छान गोल येत होती आणि एके ठिकाणी एकदम आत दबली होती, पातेल्याला पोचा पडावा तशी. पाणी असं वळत नाही. त्या पोच्यात आज एक गल्ली आहे आणि तिच्या शेजारी लग्नकार्यांचा एक मोठा फंक्शन हॉल. रेघ काढली होती आमच्यातल्याच एका नव्या मुलीनं. तिचा मामा प्लॉटचे व्यवहार करतो, एवढं मला पुरलं. "कुणी सांगितलं तुला रेघ आत घ्यायला?" मी सगळ्यांसमोर विचारलं. तिचे डोळे भरून आले. "मॅडम, कागज में जैसा है वैसाच निकाली मैं." मला ते खरं वाटलं नाही. आमचे मॅनेजर म्हणाले, "छोड देव ना मॅडम, पुराना कागज है, लोगां परेशान हो जाते." मग मला त्यांचाही संशय आला. मूळ कागद बघायला मी खात्याच्या दप्तरखान्यात गेले.

तिथल्या कारकुनानं नकाशा काढून दिला. मी तो खिडकीशी उजेडात धरला. पोच्यापाशी कागद पातळ झाला होता, आणि खाली आणखी एक रेघ दिसत होती, फिकी, गोल, पाण्याची असते तशी. कुणीतरी ती ब्लेडनं खरवडली होती, शाई पसरू नये म्हणून जागा नखानं घोटली होती आणि वर नवी रेघ ओढली होती. कोपऱ्यात तुमची सही होती.

मी पुन्हा शाळकरी होऊन हिमायतनगरच्या आपल्या जुन्या घरात उभी आहे. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसला आहात, कारण दुपारी उजेड तिथंच चांगला येतो. हातात अर्धं ब्लेड. खरवडून झालं की तुम्ही अंगठ्याच्या नखानं कागद घोटता, सावकाश, आणि मी दोन्ही हातांनी त्याची कड दाबून धरते. तिथंच एकदा मी शाळेसाठी जिल्ह्याचा नकाशा काढला होता आणि मुसी नदी सरळ ओढली होती, नीटनेटकी दिसावी म्हणून. तुम्ही तो कागद फाडलात. "नकाशात खोटं काढायचं नाही," म्हणालात. "बोललेलं खोटं लोक विसरतात. काढलेल्यावर घरं बांधतात." मी रडले, आणि तुम्ही समजूत काढली नाही. त्याच वर्षीच्या दसऱ्याला कोठीच्या बाजारातून तुम्ही मला ड्रॉइंगच्या हत्यारांची पेटी आणलीत, मखमलीचं अस्तर असलेली, आपल्या ऐपतीबाहेरची. त्या पेटीमुळे मी या धंद्यात आले. तुमच्या सहीखाली तेच साल आहे, अण्णा.

मी त्या गल्लीत गेले. फोनवर गोल रेघ लावली, तर माझा ठिपका पाण्यात उभा. पायरीवर एक म्हातारी भाजी निवडत होती. तिनंच मला विचारलं, "क्या ढूंढ रहे अम्मा?"

"ये घरां कब बने?"

"मैं शादी हो के आई तब झोपड्याच थे. नापने वाले साब आए. बोले, यां तक बांध लेव, डरो नक्को."

"सायकल पे आए थे?" तुमची सायकल आठवून मी विचारलं.

"नै नै. मोटर में. जिनका अब हॉल है ना, उनके बावा की मोटर में."

"साब कुछ लिए?"

तिनं भाजीची पुढची जुडी सोडली. "क्या मालूम. हमारे घर में तो चाय भी नै पिए."

तुम्ही झोपड्यांसाठी रेघ हलवलीत की मोटारवाल्यासाठी, की एकासाठी हलवताना दुसऱ्याचं आपोआप झालं? मला कळत नाही. तुम्ही कुणाचा चहा घेत नव्हतात, हे मला माहीत आहे. मोटारीत बसलात, हे माहीत नव्हतं.

मी अहवाल दिला: मूळ कागदावर खाडाखोड आहे, प्रत्यक्ष मोजणीशिवाय ही हद्द प्रसिद्ध करू नये. मॅनेजरांनी तो नाखुशीनंच खात्याकडे पाठवला. मोजणी झाली, आणि गोल रेघच खरी निघाली. हॉलवाले कोर्टात गेले, तिथं अजून लग्नं लागतात. गल्लीतल्यांना नोटिसा मिळाल्या. म्हातारीच्या घरच्यांना सिकंदराबादच्याही पलीकडे तिसऱ्या मजल्यावर खोली दिली आहे, आणि तिला जिना चढवत नाही. तिची पायरी माझ्या फोनवर लाल दिसते. त्या मुलीची माफी मी मागितली, पण कॅन्टीनमध्ये एकटीला गाठून.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून उरलेलंही लिहिते. अहवालात एक रकाना होता: मूळ नकाशा कुणी तयार केला. तुमची सही चांगली ठसठशीत आहे, शाळेतलं पोरही वाचेल अशी. मी तिथं लिहिलं, "सही वाचता येत नाही."